चष्मा काढून बसणार नाही

जिच्या चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय आणि जिला घरचे “मोबाइल कमी बघ” एवढंच सांगतायत, त्या मुलीसाठी मी हे लिहितेय. मलाही सगळे तेच सांगत होते. शेजारच्या बाईंनी गाजराचा रस सांगितला, आत्याने डोळ्यांत गुलाबपाणी घालायला सांगितलं, आणि एका लांबच्या काकांनी सकाळी उठून सूर्याकडे बघायला सांगितलं. सूर्याकडे बघणं तेवढं मी केलं नाही. बाकी सगळं करून झालं.

मी वर्षा. आम्ही खडकीत राहतो. पप्पा कारखान्यातून निवृत्त झालेत, आई घर सांभाळते, आणि मी त्यांची एकुलती मुलगी. मी वाघोलीत बायकांना गाडी चालवायला शिकवते. शाळा म्हणजे मी आणि माझी एक गाडी. आयटीतल्या मुली येतात, लग्न होऊन नव्याने शहरात आलेल्या येतात, आणि नवऱ्याच्या शिकवण्याला कंटाळलेल्या तर पुष्कळच येतात. नवरा ओरडतो, मी ओरडत नाही, एवढ्यावर माझा धंदा चालतो.

चष्मा मला कॉलेजात लागला. तिरका नंबर. आधी वर्षातून एकदा बदलायचा, मग सहा महिन्यांनी, मग त्याहून लवकर. दुकानदार नवीन काचा घालून द्यायचा, दोन आठवडे बरे जायचे आणि पुन्हा अक्षरांना सावल्या पडायच्या. दिवे लागल्यावर समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याला शेपूट फुटायचं. मला वाटायचं, सगळ्यांनाच असं दिसत असेल. दुसऱ्याच्या डोळ्यांतून आपण कधी बघितलेलं असतं?

*

हे उघडं पडलं ते आपटे काकूंमुळे. साठी उलटलेल्या आपटे काकू सदाशिव पेठेतलं घर सोडून मुलाकडे वाघोलीला राहायला आल्या होत्या. मुलगा-सून कामावर गेले की रिक्षावाल्यांशी भांडावं लागतं, म्हणून त्या गाडी शिकायला आल्या. एका संध्याकाळी आम्ही नगर रस्त्याला लागायच्या बेतात होतो. काकू चालवत होत्या, मी शेजारी.

“काकू, थांबा. त्या दोन मोटारसायकली जाऊ द्या, मग वळा.”

काकूंनी गाडी थांबवली. मोटारसायकल गेली. काकूंनी माझ्याकडे मान वळवली.

“दोन कुठे होत्या? एकच गेली.”

“दोन होत्या काकू.”

“अगं, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मला एक दिसली. तुझं काही झालेलं नाही आणि तुला दोन दिसल्या. आपल्या दोघींपैकी डॉक्टरकडे कुणी जायचं, ते तूच ठरव.”

मी हसले. पण मला खरंच दोन दिसल्या होत्या. एक ठळक, आणि तिच्या जरा वर दुसरी, पुसट. मी त्या दिवशी काकूंना घरी सोडलं, गाडी त्यांच्या सोसायटीतच लावली आणि बसने खडकीला आले.

*

शहरातल्या एका मोठ्या डोळ्यांच्या रुग्णालयात पप्पा माझ्याबरोबर आले. तिथली पद्धत मला आता पाठ आहे. आधी नुसती अक्षरं वाचायची, मग डोळ्यांत थेंब, मग डोळे मिटून बाकावर बसायचं. शेजारी कोण बसलंय ते आवाजावरून ओळखायचं. मग एका यंत्रात हनुवटी टेकवून गोल गोल रेघांकडे बघायचं. त्या यंत्रातून माझ्या डोळ्याचा एक रंगीत नकाशा निघाला. बराचसा हिरवा, पण खालच्या बाजूला लाल डाग.

डॉक्टर माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या असतील. बोलणं मोजकं.

“डोळे चोळता?”

“खाजतात, म्हणून चोळते. लहानपणापासूनच.”

“आजपासून बंद. कितीही खाजलं तरी. खाज थांबायला थेंब देते, पण हात लावायचा नाही.”

मग त्यांनी कागदावर डोळा काढून दाखवला. बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. तो चेंडूसारखा गोल हवा. माझा पातळ होत चालला होता आणि पुढे येऊन शंकूसारखा टोकदार होत होता. ह्या आजाराला केरॅटोकोनस म्हणतात. असला पृष्ठभाग वाकडातिकडा असतो, म्हणून चष्म्याची काच त्याला पुरी पडत नाही. दुकानदाराचा काही दोष नव्हता, तो बिचारा पळत्या माणसाचं माप घेत होता.

पप्पांनी विचारलं, “आंधळी होईल का?”

मला ते विचारायचं धाडस झालं नव्हतं. पप्पांना झालं.

“तसं नाही होत,” डॉक्टर म्हणाल्या. “पण वाढू दिलं तर चष्मा लावूनही नीट दिसणार नाही, आणि मग कदाचित पडदाच बदलावा लागेल. आता आलात ते बरं झालं. हे थांबवता येतं.”

“म्हणजे पहिल्यासारखं दिसेल?”

“मी थांबवता येतं म्हणाले. परत फिरवता येतं असं नाही म्हणाले. थांबलं की कडक लेन्स बसवून बघू, त्याने नजर बरीच येते.”

मी विचारलं, “गाडी?”

“आता नको.”

तेव्हा मला रडू आलं. इतका वेळ आलं नव्हतं.

*

एक गोष्ट इथेच सांगते, नाहीतर कुणी उगाच घाबरून जाईल. नंबर असणं हा आजार नाही. कुणाला लांबचं अंधुक दिसतं, कुणाला जवळचं, कुणाला माझ्यासारखा तिरका नंबर असतो. पायाचं माप प्रत्येकाचं वेगळं असतं, तशी डोळ्याची ठेवण वेगळी असते. चष्मा लावला, स्वच्छ दिसलं, विषय संपला. पण चष्मा लावूनही स्वच्छ दिसत नसेल आणि विशी-पंचविशीत नंबर उड्या मारत असेल, तर दुकानातून उठा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मला हे कुणी सांगितलं असतं तर मी दोन वर्षं आधी गेले असते.

*

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. पहिलं वाक्य बोलली ते असं, “बाहेर कुणाला सांगायचं नाही.”

त्याच रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते. मामाने आणलेलं स्थळ. मुलगा खराडीला कंपनीत.

“आई, ते लपवायचं कसं?”

“रविवारी चष्मा काढून बस. तासाभराचा तर प्रश्न आहे. बाकीचं लग्नानंतर सांगता येतं. सगळ्यांच्या घरात काही ना काही असतं, कुणी दारावर लिहून लावत नाही.”

“चष्मा काढला तर चहाचा कप कुणाच्या मांडीत ठेवीन, सांगता येणार नाही.”

आईला हसू आलं नाही. ती वाईट बाई नाही, हे मला इथे लिहायलाच हवं. तिला माझ्यासाठी भीती वाटत होती आणि त्या भीतीला तिच्याकडे तेवढं एकच औषध होतं. पण ते औषध मला चालणार नव्हतं. जो माणूस माझ्याबरोबर आयुष्य काढणार, त्याला माझे डोळे कसे आहेत हे माहीत नको? मी आईला सांगितलं, चष्मा काढून बसणार नाही.

रविवारी मी चष्मा लावून बसले. मुलाच्याही नाकावर चष्मा होता. इतका जाड, की त्याचे डोळे काचेमागे बारीक दिसत होते. त्याच्या काकांनी कौतुकाने सांगितलं, “अभ्यास करून करून लागला हो याला.” मग माझ्याकडे वळून विचारलं, “तुम्हाला कितीचा आहे?”

आई माझ्याकडे बघत होती. मामा पंख्याकडे.

“चष्म्याने सुटणारा नंबर नाही माझा,” मी म्हणाले. “बुबुळावरचा पडदा पातळ होतोय. पुढच्या महिन्यात तो घट्ट करायची प्रक्रिया आहे. सध्या गाडी चालवायला मनाई आहे, नंतर चालवता येईल.”

 काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

“पुढे मुलाबाळांना होईल का असलं काही?”

“होऊ शकतं. म्हणून त्यांचे डोळे वेळेवर तपासायचे. तुमच्याकडे यांच्या नंबरासाठीही तेच करावं लागेल.”

मुलगा मात्र खाली मान घालून हसला. तो एकटा असता तर कदाचित बोलला असता. पण तो एकटा नव्हता आणि पाहुणे पंधरा मिनिटांत उठले.

नंतर मामाने दारातच सुनावलं. “तोंड बंद ठेवता येत नव्हतं? आता गाडी विकून टाक. घरी बसून शिवणकाम कर.”

“शिवायला डोळे लागत नाहीत का, मामा?”

मामा गेला. आईने माझ्याशी बोलणं टाकलं. जेवायला वाढायची, पण भाजी कसली आहे तेही सांगायची नाही.

*

गाडी मी विकली नाही. शिकणाऱ्या बायकांना मी स्वतः फोन करून कारण सांगितलं. काही दुसरीकडे गेल्या, त्यांचं काही चुकलं नाही. दोघीतिघी “अगंबाई” म्हणाल्या आणि पुढे कधी फोन आला नाही. आपटे काकू तेवढ्या दोन बस बदलून खडकीला आल्या.

“मी दुसरीकडे जाणार नाही,” त्या म्हणाल्या. “एवढं आयुष्य गाडीवाचून काढलं, अजून काही महिने काढले तर मी मरत नाही. आणि हो, मोतीबिंदूच्या वेळी मला सगळ्यांनी ‘काही नाही हो, दहा मिनिटांचं काम’ असं सांगितलं होतं. मी तुला तसं सांगणार नाही. डोळ्यावर कुणी काही करतंय म्हटलं की भीती वाटतेच. वाटू दे.”

त्या एका वाक्याने मला जेवढा धीर दिला, तेवढा “काही नाही होत गं” म्हणणाऱ्या वीसजणांनी दिला नव्हता.

*

प्रक्रिया आधी उजव्या डोळ्यावर झाली, तो जास्त बिघडलेला होता. काही आठवड्यांनी डावा. भूल फक्त थेंबांची, त्यामुळे सगळं समजत असतं. पापण्या चिमट्याने उघड्या धरतात. वरचा नाजूक थर हलकेच काढतात, मग पिवळे थेंब घालत राहतात, आणि मग निळा-जांभळा प्रकाश. त्या प्रकाशाकडे हलता न येता बघत पडून राहायचं. दुखत नाही, पण माणसाला अगदी उघडं पडल्यासारखं वाटतं. सिस्टर डोक्याशी उभ्या होत्या. त्या मधूनमधून “झालं हं, छान बघताय” म्हणायच्या. मला बघण्याचं कौतुक त्या दिवसांत दुसरं कुणी केलं नव्हतं.

दुखलं ते घरी आल्यावर. डोळ्यांत वाळू टाकून वर कांदा चिरावा, तसं. उजेड सहन होईना. आईने खिडक्यांना चादरी बांधल्या. थेंबांच्या तीन बाटल्या होत्या, प्रत्येकीची वेळ वेगळी, आणि ते घालायचं काम आईने कुणी न सांगता अंगावर घेतलं. बोलायची नाही, पण वेळ झाली की यायची, माझी मान मांडीवर घ्यायची आणि थेंब सोडायची. 

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली आणि बराच वेळ काही होईना. मी बरा डोळा जरासा उघडून बघितलं. ती चादर बाजूला करून खिडकीशी उभी होती आणि बाटली हात लांब करून वाचत होती. मग हात आणखी लांब केला.

“आई, वाचता येत नाहीये?”

“येतंय.”

“काय लिहिलंय?”

 ती खाली बसली. “हल्ली बारीक अक्षर फिरतं,” ती म्हणाली. “तांदूळसुद्धा मी हाताने चाचपून निवडते.”

“कधीपासून?”

“झाली की तीन-चार वर्षं. चाळिशीचा चष्मा लागला असणार. पण बुद्धविहारातल्या बायका म्हणतील, म्हातारी झाली.”

मला डोळ्यांच्या वेदनेत हसू फुटलं, आणि हसल्यावर आणखी दुखलं. मी एका डोळ्याला पट्टी लावून पडलेली, आणि जिच्या भरवशावर औषध चाललेलं ती अंदाजाने बाटल्या ओळखत होती. मी म्हणाले, “आई, तू तीन-चार बायकांसाठी माझ्या डोळ्यात चुकीचं औषध घालणार होतीस.”

तिला ते लागलं. ती उठून आत गेली. मला वाटलं, आता पुन्हा अबोला. पण संध्याकाळी पप्पांना घेऊन ती बाजारात गेली आणि जवळचा चष्मा लावून परत आली. तांबड्या काड्यांचा. माझ्याजवळ बसून तिने तिन्ही बाटल्यांवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला, किमतीसकट.

*

त्यानंतरचे महिने मात्र कुणी सांगत नाही तसे असतात. प्रक्रियेनंतर काही काळ आधीपेक्षा धूसर दिसतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, तरी सकाळी उठून धुकं दिसलं की मनात यायचं, आपण हे उगाच केलं. चिडचिड व्हायची. पप्पांनी टीव्हीचा आवाज मोठा केला तरी मी भांडायचे. मग मी एक केलं. काळा फळा आणला, त्यावर हाताएवढ्या रेषांनी चौक, वळणं, गोल रस्ता काढले आणि दोन शेजारणींना घरात बसवून वाहतुकीचे नियम शिकवायला लागले. घरी पडून राहायचं नाही, एवढंच त्यातलं कारण होतं. त्यातल्या एकीने नंतर परवाना काढला.

मग तपासणीत नकाशावरचा लाल डाग होता तेवढाच निघाला. डॉक्टर म्हणाल्या, “थांबलंय.” त्यांच्या तोंडून एवढा एकच शब्द, पण मी तो पप्पांना रिक्षा मिळेपर्यंत तीनदा ऐकवला.

मोठी कडक लेन्स लावायला शिकणं म्हणजे परत पहिलीत बसणं. वाटीसारख्या लेन्समध्ये बाटलीतलं निर्जंतुक खारं पाणी भरायचं, मान खाली घालून ती डोळ्याला भिडवायची, मध्ये बुडबुडा राहिला की पुन्हा काढायची. कित्येक सकाळी मी आरशासमोर रडले आणि तशीच पुन्हा लावली. एकदा लेन्स बेसिनमध्ये पडली, तेव्हा आईने नवा चष्मा लावून ती जाळीवरून उचलली.

जमली त्या दिवशी मी गॅलरीत गेले. समोरच्या कडुलिंबाची पानं एकेक सुटी दिसत होती. रस्त्यावरून बस गेली, तिचा नंबर मी वाचला. मागून आई आली. तिच्या कपाळावरच्या आठ्या मी कित्येक वर्षांत इतक्या स्पष्ट बघितल्या नव्हत्या.

“काय बघतेस?” तिने विचारलं.

“तुला.”

“पुरे झालं,” ती म्हणाली, पण जागची हलली नाही.

*

आता मी पुन्हा शिकवते. डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्यावरच गाडीला हात लावला. उजव्या डोळ्याने डाव्याइतकं दिसत नाही, दिसणारही नाही. वाघोलीच्या धुळीत लेन्स टोचायला लागली की काढून ठेवावी लागते, मग त्या दिवशीचे वर्ग रद्द. अंधार पडल्यावर मी गाडी चालवत नाही. हे सगळं मी प्रत्येक नव्या बाईला पहिल्याच दिवशी सांगते. एखादी उठून जाते. जाऊ दे. लपवलेल्या गोष्टीवर मला धंदा करायचा नाही, आणि संसार तर नाहीच नाही.

आपटे काकूंना दुसऱ्या खेपेला परवाना मिळाला. आता त्या माझ्या घरी गाडीने येतात आणि आमच्या गल्लीत गाडी लावताना सगळ्या गल्लीला नियम शिकवतात.

मागच्या आठवड्यात घरी फोन वाजला. मी फरशीवर बसून लेन्स धूत होते, आई पलंगावर बसून डाळ निवडत होती, चष्मा नाकावर. तिने उचलला. पलीकडे कुणी स्थळ घेऊन बोलत होतं. वयाची, शिक्षणाची, उंचीची विचारपूस झाली. मी हात थांबवून ऐकत राहिले.

“हो, रंगाने सावळी आहे,” आई म्हणाली. “आणि तिला डोळ्यांचा आजार आहे. केरॅटोकोनस. नाही, बरा होत नाही, पण थांबवलाय. लेन्स लावते, गाडी चालवते, दुसऱ्यांना शिकवते. मुलांना होऊ शकतं. हे सगळं घरात बोला, मुलालाही सांगा, आणि चालणार असेल तरच या.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

“नाही, रविवारी सकाळी नको,” आई म्हणाली. “तिचे वर्ग असतात.”